रंग लावू नये

जस्ताची ती वडी तळहाताएवढीसुद्धा नव्हती. इंजिनाच्या पायावर, पंख्याच्या जरा वर, बोल्टानं आवळलेली. तिच्यावर साच्यातच उठवलेली इंग्रजी अक्षरं होती: डू नॉट पेंट. आणि ती अक्षरं आकाशी रंगात न्हाऊन निघाली होती. होडी रंगवायला घेतलेल्या पोरानं हातात ब्रश आहे तोवर कुठे थांबायचं, हा प्रश्नच मनात आणला नव्हता. होडीचं अंग, वल्ही, वल्ह्यांच्या खुंट्या, पेट्रोलच्या टाकीचं झाकण आणि ही वडी. अक्षरांच्या कडासुद्धा त्यानं इतक्या निगुतीनं भरल्या होत्या की त्याच्यावर रागावणं जड गेलं.

मेस्त्री आले, उकिडवे बसले, नखानं रंग खरवडून पाहिला. "ह्येका कित्याक नटवल्यान?" एवढंच म्हणाले आणि पॉलिश पेपरचा तुकडा माझ्या हातात देऊन चहाला गेले.

होडीची निगा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रंग येतो. मला ते वेड समजतं, पण आवडत नाही. हौसेनं होडी घेणारे पुण्या-मुंबईचे लोक पहिले भांडतात ते तिचं नाव काय ठेवायचं यावरून. परत आल्यावर इंजिनाला गोडं पाणी कुणी द्यायचं, हे मात्र कुणीच ठरवत नाही. आमची होडी वाघोटणच्या खाडीत असते. सोळा फुटी, फायबरची, मागे आठ अश्वशक्तीचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन. चुलतभावानं आणि मी मिळून घेतलेली, गरवायला. पोटासाठी नाही. पोटासाठी जाणारे आमच्याकडे बघून हसतात आणि तांबोशी कुठल्या खडकाला लागते ते साफ खोटं सांगतात. मला वाटतं, ते रास्तच आहे.

तर ती वडी. इंजिनाचा पाय अॅल्युमिनियमचा, त्यातून बाहेर आलेला पंख्याचा दांडा स्टेनलेस स्टीलचा, आणि भोवती समुद्राचं पाणी. एवढं जमलं की बॅटरी तयार झाली, मग कुणाची इच्छा असो वा नसो. वीज अगदी क्षीण असते, पण ती रात्रंदिवस वाहते आणि अॅल्युमिनियम खात राहते. जस्त या सगळ्यांहून उतावळं. ते जोडीला असलं की आधी तेच विरघळायला पुढे होतं आणि ते आहे तोवर पायाला धक्का लागत नाही. त्यासाठी त्याचं उघडं अंग पाण्याला लागलं पाहिजे. रंगवलं की ते नुसतं दागिन्यासारखं बसून राहतं, आणि पाय सडतो. निम्मी झिजली की वडी बदलायची. खाडीत वर गोडं पाणी मिसळतं तिथे तर जस्त स्वतःवरच एक पांढरी साय धरतं आणि काम टाकतं. तिथे अॅल्युमिनियमचीच वडी बरी, असं जाणते सांगतात.

मेस्त्रींचा मात्र सगळा जीव पाण्यात. होडी किनाऱ्याला लागली की पहिलं पिंप. विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या निळ्या पिंपात इंजिनाचा पाय बुडवायचा आणि ते संथ चालवायचं. आतल्या अरुंद वाटांतून खारं पाणी निघून जातं. नाही तर तिथे मीठ बसतं आणि एक दिवस इंजिन तापून अडकतं. थंडावा देऊन आलेल्या पाण्याची एक बारीक धार इंजिनाच्या बगलेतून बाहेर पडत असते. होडी कुठेही, कितीही लांब असो, काठावरून मेस्त्रींचा एकच प्रश्न येतो: "मुतता मा?" धार जोरात असेल तर पुढे बोलायची गरज नाही. रोडावली असेल तर पायातल्या पंपाचं रबरी चक्र झिजलं. खाडीच्या तोंडाशी रेतीचा दांडा आहे. ओहोटीला त्यावरून घासत आलं की ती रेती पंपात जाते आणि रबराच्या पात्या खाते. चक्राची किंमत एका सुरमईहून कमी. लोक तरी ते बदलायचं टाळतात आणि मग सिलिंडरची किंमत मोजतात.

शेवटी पेट्रोलची नळी काढायची आणि कार्बोरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल पिऊन इंजिनाला आपण होऊन मरू द्यायचं. बटणानं बंद करायचं नाही. राहिलेलं पेट्रोल उडतं, त्याचा चिकट थर मागे राहतो, आणि जेटचं भोक तर केसाएवढं. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि कोकणातल्या हवेत ओलीशिवाय दुसरं आहे काय? पुरेसं पाणी शिरलं की इथेनॉल पाण्याला धरून खाली बसतं, पेट्रोल वर राहतं. इंजिन ओढतं ते टाकीच्या तळातून.

ऑइल मिसळायचं मेस्त्रींचं माप म्हणजे क्वार्टरची रिकामी बाटली. नऊ लिटर पेट्रोलला एक क्वार्टर. मला हे अघोरी वाटायचं, म्हणून कागदावर मांडून पाहिलं. क्वार्टर 180 मिलिलिटरची, नऊ लिटरला लावली तर लिटरमागे 20. म्हणजे पन्नासास एक. इंजिनाच्या पुस्तकात नेमकं हेच आहे. गावात या मापाला कधी तुटवडा पडत नाही.

पॉलिश पेपर घासता घासता मला हम्फ्री डेव्ही आठवला. 1823 मध्ये ब्रिटिश आरमारानं रॉयल सोसायटीला गाऱ्हाणं घातलं, की जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्र खातो, यावर काही करा. डेव्ही तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष. कोळशाच्या खाणीतल्या मजुरांसाठी केलेल्या सुरक्षित दिव्यामुळे घरोघरी माहीत असलेला माणूस. त्यानं पुढच्याच वर्षी उत्तर दिलं: तांब्याला जस्ताचा नाही तर लोखंडाचा लहानसा तुकडा जोडा. मोठ्या पत्र्याला अगदी चिमूटभर पुरतो. पहिल्या प्रयोगांतलं एक जहाज होतं 'समारंग', आपल्या कोचीनला बांधलेलं. लोखंडाचे तुकडे लावून ते नोव्हा स्कोशियाला जाऊन आलं, तांबं शाबूत. डेव्हीची मान ताठ झाली असणार.

आणि मग बाकीची जहाजं परत येऊ लागली, ती शेवाळ आणि पांढऱ्या टोकदार कवचांनी तळभर माखलेली. तांबं विरघळत होतं म्हणूनच तर ते विष होतं, म्हणूनच त्यावर काही रुजत नव्हतं! विरघळणं थांबवलं, आणि समुद्राला बसायला स्वच्छ ओटा मिळाला. आरमारानं ते तुकडे काढून टाकायला लावले. डेव्हीची फार थट्टा झाली. विज्ञानाच्या इतिहासात मला ही फजिती सगळ्यांत आवडते, कारण तो बरोबर होता. त्याच्या त्या तुकड्याची नातवंडं आज जगातल्या प्रत्येक इंजिनाच्या पायाला बसलेली आहेत. आणि त्या कवचवाल्या प्राण्यांवर डार्विननं पुढे आयुष्यातली आठ वर्षं घालवली. आम्ही आमच्या तळावरची पटाशीनं खरवडतो, शिव्या देत.

पण जस्ताची आणि माझी खरी ओळख समुद्रावर झालीच नाही. ती झाली समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, उदयपूरच्या दक्षिणेला, जावरला. उदयपूरला लोक तलाव बघायला जातात. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. पण दोन तलाव आणि एक महाल झाल्यावर मला राजेरजवाड्यांचा कंटाळा येतो, तो मी लपवत नाही. हॉटेलातल्या एका गृहस्थांनी सांगितलं, जावरची भिंत बघा. कसली भिंत, ते सांगितलं नाही.

अरवलीच्या बोडक्या टेकड्या, टीडी नावाची नदी, जुन्या देवळांचे अवशेष, आणि पायाखाली सगळीकडे भाजलेल्या मातीच्या नळ्या. नळ्या म्हणजे एका बाजूला बंद, फुगीर, दुसरीकडे निमुळता गळा. ढिगांच्या टेकड्या झालेल्या. आणि घरांच्या भिंती त्यांच्याच. विटेच्या जागी नळी, नळीवर नळी, मध्ये माती. काहींच्या आत हिरवट काळी काच झालेली दिसत होती. एका भिंतीला टेकून एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना विचारलं, हे काय आहे? त्या म्हणाल्या, घर आहे.

त्या भट्टीच्या नळ्या होत्या, जस्ताच्या. जस्त काढायला इतकं अवघड का, तर त्याच्या खनिजातून ते सुटतं तेव्हा भट्टी हजार अंशांच्या वर गेलेली असते, आणि जस्त उकळतं 907 अंशांना. म्हणजे जन्मतःच ते वाफ असतं. तांबं, लोखंड भट्टीच्या तळाशी मुकाट्यानं उतरतात. हे वर उडून जातं, हवा लागली की पेटतं आणि पांढरी राख होतं. धातू हाती लागतच नाही. जावरच्या लोकांनी युक्ती केली ती अशी. नळीत भाजून कुटलेलं खनिज, मीठ आणि शेण यांच्या गोळ्या भरायच्या, गळ्यातून आत एक काडी खुपसायची, आणि नळी उलटी, तोंड खाली करून, भोकांच्या जाळीवर उभी करायची. वर आग, खाली गार कोठी. काडी असते तोवर गोळ्या घसरत नाहीत. आग वाढली की काडी जळून जाते आणि तिच्या जागी वाट तयार होते. वाफेला वर जायला जागाच नाही, तिला खाली यावं लागतं. खाली आली की निवते, थेंब होतात, भांड्यात पडतात. एका भट्टीत सहा ओळींत सहा, म्हणजे 36 नळ्या. अशा सात भट्ट्या एका रांगेत. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात जस्त काढायच्या मुशीचा आकार वांग्याचा सांगितला आहे, आणि जावरची नळी हातात धरली की लांबट वांगंच हातात आहे. लिहिणाऱ्यानं भट्टीजवळ उभं राहून लिहिलं असावं, असं आपलं मला वाटतं.

इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चँपियननं वाफ खाली उतरवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं ते 1738 मध्ये. जावरची भट्टी त्याच्या कित्येक शतकं आधीची. 1980 च्या दशकात बडोद्याचं विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून ती उकरून काढली. चँपियननं ही विद्या इथूनच उचलली, असं रस्त्यावरच्या चहावाल्यानं आम्हाला तावातावानं पटवून दिलं. शेजारच्या बाकावरचा माणूस म्हणाला, पुरावा काय? त्यांचं भांडण आमची बस येईपर्यंत चाललं. मला त्या भांडणात रस नव्हता. मला ती काडी सुचलेला माणूस हवा होता. त्याचं नाव कुठेही नाही. गोळ्या घसरून पडताहेत, खालचं भांडं रिकामंच, मुकादम ओरडतो आहे, आणि कुणीतरी हाताला लागली ती काडी उचलून गळ्यात खुपसतो. किंवा कुणी बाईनं. गोळ्या वळायचं काम बायकांचंच असणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

बिदरची बिदरीकला अशीच जस्तावर उभी. बरंचसं जस्त, थोडं तांबं, वर चांदीची नक्षी. मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून जस्त काळंभोर करायचं, चांदी तशीच राहते. उदगीरच्या मावशीकडे अशी एक फुलदाणी होती. ती चिंचेनं घासून लख्ख करायचा नव्या सुनेनं चंग बांधला, तेव्हा मावशी माहेरी निघून जायची भाषा करू लागली. वय तेव्हा तिचं सत्तर.

पावसाळ्यात होडी माडांच्या बागेत पालथी पडते, वर झापांचं शाकारण. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. हौशी माणसाला तसंही समुद्र घरी बसवतो. इंजिन आमच्या पडवीत येतं. पायातलं ऑइल काढायचं. ते दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय, सील गेलं. प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइलचे थेंब सोडायचे आणि दोरी दोन-तीनदा ओढायची. मग गोणपाट. एवढं केलं की ते नारळी पौर्णिमेपर्यंत उभ्यानं झोपतं. आडवं करायचं नाही, आतलं राहिलेलं पाणी नको तिथे जातं.

अडचण पुढे येते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला तरी खाडीचं तोंड लगेच भरवशाचं होत नाही. पावसानं रेतीचा दांडा कुठे सरकवलाय, ते एकदोन उधाणं बघितल्याशिवाय कळत नाही. आणि काकीला पडवी हवी असते. "चवथीच्या आधी ह्या धूड हयसून हलव." तिथे भजनाची मंडळी बसतात, त्यांच्या बुक्क्यात आणि उदबत्तीत पेट्रोलचा वास तिला चालत नाही. मला तो वास आवडतो, हे मी तिला सांगितलेलं नाही. माजघरात जागा नाही, खळ्यात पाऊस. गेल्या चवथीला ते गोठ्यात गेलं. म्हैस दोन दिवस पान्हवली नाही, आणि ती इंजिनामुळेच, असं काकीचं म्हणणं. भाऊ म्हणाला, पावसामुळे. मेस्त्री आरतीला आले होते. प्रसाद घेऊन ते आधी गोठ्यात डोकावले, गोणपाट उचलून बघितलं, आणि काकीला म्हणाले, "म्हशीचा माका म्हायत नाय गे. पण इंजिनाक गोठोच बरो. खारो वारो लागना नाय."