उशिरा निघालेला सातो

फॉर्म्युला वनमधली बहुतेक पोरं शाळकरी वयातच कार्टिंग करत असतात. ताकुमा सातोने १९८७ साली, दहाव्या वर्षी, सुझुकाला शर्यत पाहिली खरी, पण पुढे दामटली ती सायकल! विशीत सुझुकाच्या रेसिंग स्कूलमध्ये शिरला. २००१मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री जिंकून २००२मध्ये थेट जॉर्डनच्या गाडीत. त्याच वर्षी सुझुकाला पाचवा!

मला त्याची धडक आवडते, धडकाही. २०१२च्या इंडियानापोलिस ५००मध्ये शेवटच्या फेरीत पहिल्या नंबरसाठी आतून घुसला आणि भिंतीवर आदळला. दुसरा आला असता, सतरावा ठरला. पण दुसऱ्या नंबरसाठी का कुणी विशीत सुरुवात करतं? असो. २०१७मध्ये, चाळिशीत, त्याने तीच शर्यत जिंकली. २०२०मध्ये पुन्हा.