बाल्टिमोरच्या वाटेवरची चार गावं

जॅक्सन हॉलिडे अठरा वर्षांचा असताना बाल्टिमोर ओरिओल्स या मेजर लीग बेसबॉल क्लबने त्याच्याशी करार करताना ८१ लाख ९० हजार डॉलर मोजले. जुलै २०२२ मधली ही गोष्ट. नव्या खेळाडूंच्या त्या वर्षीच्या ड्राफ्टमधली ती पहिली निवड होती. वडील मॅट हॉलिडे सात वेळा ऑल-स्टार, त्यामुळे पोराचं नाव शाळेपासूनच गाजत होतं. पण एप्रिल २०२३ मध्ये हा कोट्यधीश मुलगा खेळायला उभा राहिला तो सॉल्सबरीला. मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे गाव कोंबडीच्या धंद्यासाठी ओळखलं जातं. स्टेडियमलाही पर्ड्यू या कोंबडीवाल्या घराण्याचंच नाव आहे. तिथल्या संघाचं नाव डेलमार्व्हा शोअरबर्ड्स, दर्जा लो-ए, म्हणजे चार पायऱ्यांतली सगळ्यात खालची.

तिथून बाल्टिमोरला पोचायला तेव्हा आणखी तीन गावं पार करावी लागत: हाय-एचं अबरडीन, डबल-एचं बोवी आणि ट्रिपल-एचं नॉरफोक. मेजर लीगच्या तीसही क्लबांच्या हाताखाली असे मायनर लीगचे चार-चार संघ असतात, एकूण १२०. २०२१ च्या फेररचनेआधी ते १६० होते. चाळीस गावांतलं बेसबॉल एका फटक्यात या व्यवस्थेबाहेर गेलं आणि त्याबद्दलचा राग तिथे अजून पुरता निवलेला नाही. ओरिओल्सची तेव्हाची चारही गावं बाल्टिमोरपासून गाडीने जाण्याच्या टप्प्यात आहेत. असं भाग्य फार थोड्या क्लबांच्या चाहत्यांना लाभतं.

मी मेरीलँडला आलो तेव्हा ओरिओल्स हरण्यासाठीच ओळखले जात. २०१८ मध्ये ११५ पराभव, २०१९ मध्ये १०८, २०२१ मध्ये ११०. वरचा संघ बघवत नाही म्हणून लोक खालचे संघ बघायचे. ऑफिसातले जुने बाल्टिमोरकर सकाळी कॉफी घेताना कालच्या मेजर लीग सामन्याचा विषयही काढत नसत. बोवीला कोण किती चेंडू खेळला, अबरडीनच्या पिचरचा वेग वाढला का, यावर मात्र तावातावाने बोलत. त्यांच्या नादाने मीही रात्री जेवणं आटोपली की फोनवर चारही सामन्यांचे आकडे बघू लागलो आणि जमेल तेव्हा गाडी काढून जाऊ लागलो.

२०२३ हा त्या नादाचा सगळ्यात भरलेला हंगाम. हॉलिडे सॉल्सबरीत जेमतेम १४ सामने खेळला. सरासरी .३९६. एप्रिल संपायच्या आत तो अबरडीनला गेला, जुलैच्या मध्यावर बोवीला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला नॉरफोकला. एकोणीस वर्षांच्या मुलाने एका हंगामात चार पायऱ्या चढणं हे क्वचितच घडतं. ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकाने त्याला त्या वर्षीचा मायनर लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. त्याच्या मागोमाग निघाला सॅम्युएल बासायो, डोमिनिकन रिपब्लिकचा कॅचर. जानेवारी २०२१ मध्ये सोळाव्या वर्षी त्याने १३ लाख डॉलरचा करार केला होता. तोही त्याच हंगामात सॉल्सबरीपासून निघून बोवीपर्यंत पोचला, २० होमरन मारत.

बोवीच्या मैदानावर मला सगळ्यात आवडायची ती होम प्लेटमागची जागा. तिथे दोन-तीन रांगांत गंभीर चेहऱ्याची माणसं बसलेली असतात. काही दुसऱ्या क्लबांचे स्काउट, काही खेळणाऱ्या दोन संघांचेच पिचर, ज्यांची त्या दिवशी पाळी नसते ते. पोलो शर्ट, हातात रडार गन, मांडीवर तक्ता. प्रत्येक चेंडूनंतर गन किंचित वाकडी करून आकडा वाचायचा, लिहायचा, की लगेच पुढच्या चेंडूची तयारी. मैदानात टाळ्या वाजोत की शिट्या, यांचा हात थांबत नाही. एकदा फलंदाजाने चेंडू कुंपणापलीकडे धाडला. सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि माझ्या पुढे बसलेला पोरगा मान खाली घालून चेंडूचा प्रकार, वेग आणि जागा नोंदवत होता. फटका खाल्लेला पिचर त्याचाच जोडीदार. रात्री दोघं एकाच बसने परतणार होते.

बसचा विषय निघालाच आहे तर पैशांचंही बोलायला हवं. हॉलिडेसारखे थोडे सोडले तर बाकीच्यांना कराराच्या वेळी मिळालेली रक्कम सांगण्यासारखी नसते. २०२२ पर्यंत डबल-एच्या खेळाडूला वर्षाला किमान १३,८०० डॉलर मिळत, म्हणजे दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्यापेक्षाही कमी. हिवाळ्यात गोदामांत नाहीतर डिलिव्हरीच्या गाडीवर काम करून मुलं पुढच्या हंगामाला येत. २०२२ च्या सप्टेंबरात त्यांना मेजर लीग खेळाडूंच्या संघटनेत जागा मिळाली आणि मार्च २०२३ अखेरच्या करारानंतर हा आकडा ३०,२५० वर गेला. ट्रिपल-एचा ३५,८०० झाला. त्याच वर्षी मेजर लीगमधलं किमान वेतन होतं ७ लाख २० हजार. नॉरफोक ते बाल्टिमोर हा टप्पा केवढा मोठा, ते या दोन आकड्यांतून कळतं. क्लब श्रीमंत असताना ही मुलं इतकी वर्षं अर्धपोटी खेळली, याचं समर्थन मला कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही.

नॉरफोकचं हार्बर पार्क एलिझाबेथ नदीच्या काठावर आहे. २०२३ मध्ये तिथे यंत्र स्ट्राइक ठरवत होतं. आठवड्याचे पहिले तीन सामने पूर्णपणे यंत्रावर, उरलेल्या तीनमध्ये पंचाच्या निर्णयाला आव्हान द्यायची मुभा. (ही आव्हानाची पद्धत मेजर लीगने २०२६ पासून घेतली, खालच्या लीगमध्ये नवे नियम असे आधी माणसांवर करून बघतात.) त्या वर्षीचा नॉरफोक टाइड्स हा संघ असा होता की मेजर लीगच्या एखाद्या दुबळ्या संघाला त्याने सहज घाम फोडला असता. इंटरनॅशनल लीग जिंकून सप्टेंबरअखेर लास व्हेगसमध्ये त्याने ओक्लाहोमा सिटीला ७-० असं हरवलं आणि ट्रिपल-एचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

पण खरी गंमत आणि खरा जाच तिथेच होता. जोई ओर्टिझ त्या वर्षी ट्रिपल-एला .३२१ ने खेळला. कॉनर नॉर्बी रोज मैदानात, रोज धावा. काइल स्टॉवर्स एव्हाना ट्रिपल-एला मुरलेला. वर मात्र गनर हेंडरसन, जॉर्डन वेस्टबर्ग ही मंडळी ठाण मांडून बसलेली. ओरिओल्स त्या वर्षी १०१ सामने जिंकले आणि जिंकणाऱ्या संघात जागा रिकामी होत नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा आणि भारताची टोपी एकदाही नाही, हे अमोल मुझुमदारच्या बाबतीत आपण बघितलेलं आहे. फरक एवढाच की बेसबॉलमध्ये अडकलेला माणूस दुसऱ्या क्लबला देता येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओर्टिझ मिलवॉकीला गेला, बदल्यात कॉर्बिन बर्न्स आला. जुलैअखेर नॉर्बी आणि स्टॉवर्स मायामीला गेले, बदल्यात ट्रेव्हर रॉजर्स. ज्यांच्यासाठी गाड्या हाकल्या ती मुलं रात्रीत परक्या टोपीत दिसू लागली. स्टॉवर्स २०२५ मध्ये ऑल-स्टार झाला. माझ्या ओळखीच्या बाल्टिमोरकरांनी त्याचं कौतुक केलं, पण दात ओठ खातच.

आणि हॉलिडे? १० एप्रिल २०२४ ला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर त्याने मेजर लीगमध्ये पाऊल टाकलं. पुढच्या दोन आठवड्यांत ३४ वेळा बॅट घेऊन दोन हिट, १८ स्ट्राइकआउट. २६ एप्रिलला परत नॉरफोक. ज्याने चार लीग लीलया पार केल्या त्याला पाचवी लीग असं झिडकारते, हे बघताना उगवत्या खेळाडूंच्या रँकिंगची कुठलीच यादी कामाला येत नाही. ३१ जुलैला त्याला पुन्हा वर बोलावलं. त्याच दिवशी टोरांटोविरुद्ध तिन्ही बेसवर माणसं असताना त्याने मेजर लीगमधला पहिला होमरन मारला. चेंडू उजवीकडच्या भिंतीवरून थेट पलीकडच्या युटॉ स्ट्रीटवर. तरीही हंगामाअखेर सरासरी .१८९ च राहिली. २०२३ मध्ये बोवी-नॉरफोक मिळून २९ होमरन मारणारा कोबी मेयो ऑगस्ट २०२४ मध्ये वर आला, तेव्हा त्याची गत याहून वाईट झाली: .०९८.

याद्या करणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही तो यामुळेच. हेस्टन जर्स्टॅड २०२० मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड होता, पण हृदयाच्या स्नायूला सूज आल्यामुळे तो २०२२ च्या जूनपर्यंत एकही अधिकृत सामना खेळू शकला नाही. बहुतेकांनी त्याचं नाव खोडूनच टाकलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये तो बाल्टिमोरला पोचला आणि त्याचा पहिला हिट होता होमरन. बासायो ऑगस्ट २०२५ मध्ये मेजर लीगमध्ये आला. आठवडाभरातच क्लबने त्याला आठ वर्षांसाठी ६ कोटी ७० लाख डॉलरच्या कराराने बांधून घेतलं.

उन्हाळ्यात मुलाबाळांकडे अमेरिकेत येऊन दुपारभर मॉलमध्ये फिरून कंटाळलेल्या मराठी आईवडिलांना माझा आग्रह आहे: एक संध्याकाळ जवळच्या मायनर लीग मैदानावर घालवा. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास असाल तर ब्रिजवॉटरला यँकीजचा डबल-ए संघ, सॉमरसेट पेट्रियट्स, खेळतो. मेरीलँडला असाल तर बोवी आहेच, फक्त २०२५ पासून संघाचं नाव बदलून चेसापीक बेसॉक्स झालं आहे. एकदा होम प्लेटमागे बसून रडार गनवाल्यांच्या चेहऱ्याकडे बघा, नियम आपोआप कळत जातात. हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, सामने मंगळवार ते रविवार. सोमवारी जाऊ नका, सोमवारी सुट्टी असते.