चिठ्ठी आणि निवेदन



निवडणुकीचे निकाल लागले की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात एक शब्द ठळक अक्षरांत भेटतो : सत्तांतर. भाषांतर, रूपांतर, स्थलांतर यांच्याच पंगतीतला हा शब्द. या सर्व शब्दांत ‘अंतर’ म्हणजे दुसरे. दुसरी भाषा, दुसरे रूप, दुसरे स्थळ. त्याच रीतीने एकाच्या हातची सत्ता दुसऱ्याच्या हाती जाणे, हे सत्तांतर. हा शब्द आपण इतक्या सहजपणे वाचून पुढे जातो, की त्यामागची एक अवघड गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. सत्ता ज्याच्या हातून गेली, त्याचे पुढे काय होते?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर आपल्या भाषेतच साठवलेले आहे. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तुम्ही ऐकला असेल. नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ असा हुकूम होता आणि एका अक्षराच्या फेरफाराने तो ‘मारावे’ असा झाला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा भाग सोडून दिला, तरी ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला, हा इतिहास आहे. त्यानंतर रघुनाथराव पेशवे झाले. पण बारभाईंनी त्यांना टिकू दिले नाही. हातची सत्ता गेलेले रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला तेथूनच तोंड फुटले. रघुनाथरावांच्या वर्तनाचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट लक्षात घ्या. त्या राज्यव्यवस्थेत जिंकलेल्यासाठी मसनद होती. हरलेल्यासाठी कैद होती, मरण होते किंवा परक्याचे दार होते. हरूनही घरातच मानाने राहता येईल, अशी जागाच नव्हती.

ती जागा आता आहे. ती किती मोलाची आहे, हे सांगण्यासाठी मी महाराष्ट्र विधानसभेच्या १९९५ च्या निवडणुकीकडे तुमचे लक्ष वेधतो. १९६० मध्ये राज्य स्थापन झाल्यापासून एका निवडणुकीच्या निकालाने काँग्रेस पक्ष सत्तेबाहेर जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. १९७८ मध्ये पुलोदचे सरकार आले होते. पण ते आमदारांच्या फेरजुळणीतून आले होते. १९९५ चा कौल मतदारांनी दिला होता. २८८ जागांपैकी काँग्रेसला ८०, शिवसेनेला ७३ आणि भारतीय जनता पक्षाला ६५ जागा मिळाल्या. अपक्ष ४५ जण निवडून आले. पाच वर्षांपूर्वी काँग्रेसकडे १४१ जागा होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे पडझडीचे प्रमाण कळते. युतीच्या १३८ जागाही बहुमताच्या १४५ या आकड्याला पुरेशा नव्हत्या. अपक्षांच्या पाठिंब्याने सरकार उभे राहिले. सुमारे ७२ टक्के मतदारांनी त्या वेळी मतदान केले होते. १४ मार्च १९९५ रोजी मुंबईत शिवाजी पार्कवर मनोहर जोशी यांनी मुख्यमंत्रिपदाची आणि गोपीनाथ मुंडे यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

आता या दोन नावांकडे पुन्हा एकदा पाहा. १९९० नंतरच्या विधानसभेत मनोहर जोशी विरोधी पक्षनेते होते आणि १९९१ अखेरीस त्यांच्यानंतर ते पद गोपीनाथ मुंडे यांच्याकडे आले होते. म्हणजे नव्या सरकारचे दोन प्रमुख त्याच सभागृहात, समोरच्या बाकांवर, सरकारला प्रश्न विचारीत बसलेले होते. त्याच निवडणुकीत लातूरमधून विलासराव देशमुख आणि माझगावमधून छगन भुजबळ पराभूत झाले. चार वर्षांनी, ऑक्टोबर १९९९ मध्ये, विलासराव मुख्यमंत्री झाले आणि भुजबळ उपमुख्यमंत्री. आणि त्याच वर्षी काही महिने मुख्यमंत्री राहिलेले नारायण राणे विरोधी पक्षनेते झाले. अध्यक्षांच्या उजव्या हाताची बाके सत्ताधाऱ्यांची आणि डाव्या हाताची विरोधकांची, असा संकेत आहे. या दोन बाजूंमध्ये काही पावलांचीच वाट आहे. ती वाट दोन्ही दिशांनी, रक्त न सांडता, चालता यावी, यासाठी एवढा मोठा खटाटोप असतो.

हा खटाटोप मी जवळून पाहिला आहे. त्या वेळी मी माध्यमिक शाळेत शिक्षक होतो आणि आमच्या शेजारच्या तालुक्यात मतदान अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली होती. तुमच्यापैकी अनेक जण शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका किंवा कचेरीतील कर्मचारी असाल. हे काम तुम्हीही केले असेल. मतदान यंत्रे अजून आमच्याकडे आली नव्हती. कागदी मतपत्रिका होत्या, फुलीचा शिक्का होता, लोखंडी मतपेटी होती. शाळेच्या एका वर्गात बाकडी सरकवून आम्ही केंद्र मांडले. दोन प्रतिस्पर्धी उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसले होते. दिवसभर दोघे परस्परांच्या मतदारांवर बारीक नजर ठेवून होते आणि दुपारी एकाच्या डब्यातील ठेचा दुसऱ्याच्या भाकरीवर गेला. संध्याकाळी पेटी लाखेने बंद केली, तेव्हा कागदावर दोघांनीही सह्या केल्या. त्या दोघांपैकी निदान एक जण थोड्याच दिवसांत हरणार होता. ज्या पेटीतून आपला पराभव बाहेर पडू शकतो, ती पेटी नीट बंद झाली आहे, असे त्याने आधीच लिहून दिले होते. निवडणूक या सहीवर उभी असते, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

परंतु सही करणे वेगळे आणि पराभव घरात येणे वेगळे. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते मराठवाड्यातील आमच्या गावात सत्ताधारी पक्षाचे जुने कार्यकर्ते होते. पद त्यांच्याकडे कोणतेच नव्हते. होती ती ओसरी. सकाळी सात वाजल्यापासून त्या ओसरीवर माणसे येत. कोणाला विजेची जोडणी हवी असे, कोणाचा सातबारा अडलेला असे, कोणाला तालुक्याच्या दवाखान्यात खाट मिळत नसे. अण्णा खिशातून डायरी काढीत, पान फाडीत आणि दोन ओळी लिहीत : ‘पत्र घेऊन येणारे आपले आहेत. काम करून द्यावे.’ खाली सही. ती चिठ्ठी घेऊन माणूस जाई आणि बहुधा काम होई. गावात अण्णांना मान होता, तो या दोन ओळींचा होता. त्यांनी कोणाकडून कधी पैसा घेतला नाही, हेही सांगितले पाहिजे.

निकालानंतर महिन्याभराने, ऐन एप्रिलमध्ये, गावाची डी. पी. जळाली. विहिरींवरच्या मोटारी बंद, पाणीपुरवठ्याची मोटार बंद, उन्हाळी भुईमूग माना टाकू लागलेला. नेहमीप्रमाणे एक शेतकरी अण्णांची चिठ्ठी घेऊन गेला. संध्याकाळी तो परत आला, तेव्हा ती चिठ्ठी घडीसकट त्याच्या हातात होती. ‘साहेब म्हणाले, आता रीतसर अर्ज करा,’ एवढेच तो म्हणाला. अण्णांनी ती चिठ्ठी घेतली, उलगडून स्वतःचीच अक्षरे वाचली आणि खिशात ठेवली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे फुलस्केप कागद मागितला. निवेदन लिहायचे होते. तुम्ही व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात निवेदनाचा नमुना पाहिला असेल : प्रति, विषय, महोदय, मग क्रमाने मागण्या, शेवटी सह्या. अण्णांना ते लिहिणे विलक्षण जड गेले. चिठ्ठीत कर्ता एकच असतो, लिहिणारा. निवेदनाचा कर्ता ‘आम्ही’ असतो. चिठ्ठीत कारण द्यावे लागत नाही, नाव पुरते. निवेदनात कारण द्यावे लागते आणि ते खरे असावे लागते. किती कुटुंबे, किती विहिरी, किती दिवस अंधार, याची मोजणी करावी लागते. ती मोजणी करण्यासाठी अण्णा त्या दिवशी गावभर हिंडले. ज्यांनी नुकताच त्यांच्या पक्षाविरुद्ध प्रचार केला होता, त्यांच्याही दारात गेले आणि सही मागितली. ती मिळाली.

संध्याकाळी ओसरीवर सह्या चालू असताना गावाबाहेरच्या वस्तीतील एक मध्यमवयीन गृहस्थ आले. ते पायरीखालीच उभे राहिले. म्हणाले, ‘अण्णा, आमच्या वस्तीचा हातपंप दोन साल झालं मोडलाय. त्याचं बी लिव्हा.’ अण्णांनी विचारले, ‘दोन वर्षं? मग आधी का नाही सांगितलं?’ त्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘तुमच्या ओसरीवर येऊन चिठ्ठी मागायचं आमच्यानं कधी झालं न्हाई.’

ओसरीवर कोणी काही बोलले नाही. अण्णांनी त्यांना वर बोलावले, कागद पुढे केला आणि मागणी क्रमांक दोन लिहिली : हातपंपाची दुरुस्ती. तिच्याखाली त्या वस्तीतील अकरा जणांच्या सह्या आणि अंगठे उमटले. हातपंप पंधरवड्यात दुरुस्त झाला. डी. पी. मिळायला मात्र मे महिना संपत आला आणि तोवर भुईमूग गेला होता.

मित्रहो, मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. चिठ्ठी ओसरीवर चढू शकणाऱ्या माणसापुरती असते. जो आपला, त्याचे काम होते. जो आपला नाही, त्याचा हातपंप दोन वर्षे मोडलेला राहतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. चिठ्ठी देणारा दुष्ट असतो असे नव्हे. त्याला ओसरीवरून जेवढे दिसते, तेवढेच तो पाहतो. सत्ता गेल्यावर अण्णांना ओसरी उतरावी लागली, गाव मोजावे लागले आणि ‘आम्ही’ हा शब्द लिहावा लागला. त्या ‘आम्ही’त आधी कोण नव्हते, हे त्यांना त्या दिवशी कळले.

यावरून सत्तांतराने सर्व काही सुधारते, असा निष्कर्ष काढू नका. आमच्या गावात चिठ्ठ्या बंद झाल्या नाहीत. त्या वेशीजवळच्या दुसऱ्या एका ओसरीवरून निघू लागल्या. राज्याच्या पातळीवरही असेच काही दिसते. दाभोळच्या वीजप्रकल्पावर विरोधी बाकांवरून घणाघाती टीका झाली होती. सत्तेवर आल्यावर नव्या सरकारने ऑगस्ट १९९५ मध्ये तो प्रकल्प रद्द केला आणि नंतर फेरवाटाघाटी करून १९९६ मध्ये सुधारित स्वरूपात स्वीकारला. विरोधी बाकांवर बसून बोलणे आणि सत्तेच्या बाकांवर बसून करार निभावणे, यांची व्याकरणे वेगळी असतात. दोन्ही व्याकरणे शिकलेला माणूस राज्यकारभाराला अधिक उपयोगी पडतो, असे मात्र मला वाटते. आणि ती दोन्ही शिकण्याची संधी केवळ निवडणुकीच्या जय-पराजयातूनच मिळते.

१९९९ मध्ये अण्णांचा पक्ष पुन्हा सत्तेत आला. ओसरी पुन्हा भरू लागली. एकदा रॉकेलच्या परवान्यासाठी कोणी तरी चिठ्ठी मागायला आले, तेव्हा मी तेथे होतो. अण्णांचा हात सवयीने खिशातील डायरीकडे गेला. मग ते म्हणाले, ‘आधी अर्ज लिहू. चिठ्ठीचं मागून बघू.’ चिठ्ठी दिली नाही, असे मी म्हणणार नाही. मला ते ठाऊक नाही. पण अर्ज आधी लिहिला गेला, हे मी पाहिले.

तुम्ही नोकरी, शेती, घरकाम सांभाळून रात्री ही पुस्तिका वाचत असाल. तुमच्यापैकी अनेकांच्या गावात लोक अर्ज लिहून घेण्यासाठी तुमच्याकडे येत असतील, कारण तुम्ही शिकत आहात. तेव्हा कोणाचा पक्ष सत्तेत आहे, हे न विचारता त्यांचा अर्ज नीट लिहा. विषय स्पष्ट लिहा, आकडे मोजून लिहा आणि सह्या घेताना वस्तीचे शेवटचे घर राहिले नाही ना, ते पाहा. पुढची निवडणूक येईल आणि तुमच्या डाव्या तर्जनीवर शाईची रेघ उमटेल. निकालाच्या दिवशी विजयी उमेदवाराच्या गळ्यातील हार तर सगळेच पाहतात. तुम्ही त्याच संध्याकाळी हरलेला उमेदवार काय बोलतो, तेही ऐका. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या गावाची निवेदने बहुधा त्यालाच लिहायची असतात.