आजोबांचं इंजिन, नातवाचे रूळ

जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या पूर्वेला, फिल्स नदीकाठी ग्योपिंगेन नावाचं गाव आहे. इथल्या मेर्क्लिन कंपनीने 1859 मध्ये सुरुवात केली ती पत्र्याच्या भातुकलीपासून! आज इथल्या संग्रहालयात बघाल तर छोटी छोटी वाफेची इंजिनं. अंग काळं, चाकं लालभडक. खरी जर्मन इंजिनंही अशीच रंगवत.

मेर्क्लिनचे 'एचओ' मापाचे रूळ 16.5 मिलिमीटर रुंदीचे. इतर कंपन्यांचेही तेवढेच. मग आजोबांचं मेर्क्लिन इंजिन नातवाच्या दुसऱ्या रुळांवर धावेल? छे! शॉर्ट सर्किट!

कारण मेर्क्लिन इंजिनाला वीज मिळते रुळांमधल्या बारीक खुंट्यांतून, पोटाखालच्या पट्टीने. परतीची वाट मात्र दोन्ही रुळांतून. इतरांकडे एका रुळाने वीज येते, दुसऱ्याने परत जाते, आणि आजोबांच्या इंजिनाची धातूची चाकं या दोघांना थेट जोडून टाकतात. म्हणून पट्टी काढायची नि मध्ये प्लॅस्टिकचा अडसर असलेली चाकं बसवायची. शिवाय जुनी मोटर अशी हट्टी, की तारांची अदलाबदल केली तरी उलटी फिरत नाही! तिचाही बंदोबस्त करावा लागतो.

रंग द्यायचा तर आधी साबणाच्या पाण्याने धुवा, नीट वाळवा, मग पातळ हात मारा. जाड रंगात रिव्हेट बुजतात. पण आजोबांच्या बोटांनी झिजलेला रंग खरवडायचा? आम्हाला विचाराल तर मुळीच नको. चाकं पुन्हा बदलता येतील, तो रंग कुठून आणणार? आणि हो, काढलेली चाकं नि पट्टी डबीत घालून ठेवा. मेर्क्लिनचे रूळ मिळाले तर लागतील.