नावाखालचा किडा

माझ्या संग्रहातला सर्वांत लाडका स्कॅरॅब अंगठ्याच्या नखाएवढा आहे. शंखजिऱ्याच्या दगडात कोरलेला शेणकिडा. निळसर हिरवी झिलई आता फक्त पायांच्या खाचांत उरली आहे. दोऱ्यात किंवा अंगठीत ओवण्यासाठी त्याला लांबीतून आरपार भोक पाडलंय. उलटा केला की तीन चिन्हं दिसतात: सूर्यबिंब, सोंगट्या मांडलेला पट आणि पुन्हा एक किडा. मेनखेपेरे, म्हणजे प्राचीन इजिप्तचा राजा तिसरा थुतमोस याचं राजनाव.

शेणाचा गोळा ढकलत नेणाऱ्या या जीवात इजिप्तच्या लोकांनी उगवता सूर्य पुढे सरकवणारा खेप्री देव पाहिला. इतक्या सामान्य किड्याला एवढा मान देणारी माणसं मला फार जवळची वाटतात.

हा स्कॅरॅब मी लंडनमध्ये घेतला तो त्याच्यासोबतच्या पिवळ्या पडलेल्या कार्डासकट. जुन्या मालकाने त्यावर खरेदीचं गाव आणि साल लिहून ठेवलंय. मला त्या कार्डाचं मोल दगडाइतकंच वाटतं. कारण राजाचं नाव म्हणजे तारीख नव्हे. थुतमोस गेला इसवी सनापूर्वी १४२५ च्या सुमारास, पण त्याचं नाव शुभ मानून पुढे कित्येक शतकं ताइतांवर कोरलं जात होतं. एखादा स्कॅरॅब नेमका कधीचा, हे कळतं तो कुठल्या थरात, कशाशेजारी सापडला त्यावरून. चोरून उकरलेल्या वस्तूची ही साक्ष कायमची पुसली जाते.

राजा तिसऱ्या आमेनहोतेपचे तळहाताएवढे मोठे स्कॅरॅब मी संग्रहालयांतच पाहतो. एका प्रकारावर त्याने राणी तियेच्या आईवडिलांची नावं कोरवली, दुसऱ्यावर पहिल्या दहा वर्षांत आपण १०२ सिंह मारल्याचं जाहीर केलं. राजाच्या तोंडची बातमी देशोदेशी नेणारे हे दगड पाहताना वेळ कसा जातो कळत नाही.

मध्यंतरी एका व्यापाऱ्याने मला हृदय-स्कॅरॅब दाखवला. मृत्यूनंतरच्या न्यायनिवाड्याच्या वेळी आपल्याच हृदयाने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये, म्हणून मंत्र कोरून तो मृताच्या छातीवर ठेवत. गडद हिरवा, देखणा दगड होता. कुठून आला विचारलं तर उत्तर मिळालं, ‘जुन्या संग्रहातून.’ कागद एकही नाही. कुणीतरी शेवटच्या भीतीपोटी छातीवर ठेवून घेतलेली वस्तू होती ती. मी ती घेतली नाही आणि त्या दुकानात पुन्हा गेलो नाही.

इजिप्तने १९८३ च्या कायद्याने पुराणवस्तूंचा व्यापारच बंद केला. लक्झरला गेलात तर बाजारातले नवे स्कॅरॅब खुशाल घ्या, पण कुणी कोपऱ्यात नेऊन ‘खरा’ दाखवू लागला तर सरळ पुढे चला. खरे पाहायचे असतील तर लंडनच्या पेट्री संग्रहालयात या. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत.