व्हर्माँटची ग्रामसभा

बॉस्टनहून वायव्येस जाणारा हमरस्ता कनेक्टिकट नदी ओलांडून व्हर्माँट राज्यात शिरला, आणि व्हाइट रिव्हर जंक्शन मागे टाकून आमची मोटार ओटाक्वीची नदीच्या काठाने वुडस्टॉक व ब्रिजवॉटर ही गावे घेत ग्रीन माउंटन्सच्या मुलखात चढू लागली, तेव्हा मार्च उजाडूनही शेतांवर बर्फ होते, खडीच्या रस्त्यांवर दुपारच्या उन्हाने चिखल मातला होता, आणि मेपलच्या खोडांना रस गोळा करण्याच्या नळ्या लागल्या होत्या. मार्चचा पहिला मंगळवार हा या राज्यात टाउन मीटिंगचा दिवस. त्या दिवशी सरकारी सुट्टी असते, आणि गावोगावचे मतदार एकत्र बसून वर्षाचा कारभार ठरवितात. तो पाहण्यासाठीच मी या वाटेला लागले होते.

आदल्या संध्याकाळी प्लिमथ नॉच या वाडीत थांबले. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या निधनाची वार्ता आल्यावर ३ ऑगस्ट १९२३ च्या पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, नोटरी असलेल्या आपल्या पित्याकडून केल्व्हिन कूलिज यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली, ती येथील घरात. कूलिज रिपब्लिकन होते, आणि त्यांचे राज्यही तसेच होते: १८५६ पासून १९६० पर्यंतच्या प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत व्हर्माँटने रिपब्लिकन पक्षालाच कौल दिला, इतका की १९३६ साली सारा देश रूझवेल्टांच्या मागे गेला असता मेन आणि व्हर्माँट ही दोनच राज्ये विरोधात उभी राहिली. ती परंपरा १९६४ मध्ये प्रथम खंडित झाली, आणि १९९२ पासून तेच राज्य प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या पाठीशी राहिले आहे. नव्या महामार्गांनी न्यूयॉर्क व बॉस्टनकडची तरुण मंडळी येथे येऊन वसली, आणि रिपब्लिकन पक्षाचे बळ दक्षिणेकडे व पश्चिमेकडे सरकले, ही त्याची दोन मोठी कारणे. तथापि २०२४ साली ज्या दिवशी व्हर्माँटने कमला हॅरिस यांना भरघोस मते दिली, त्याच दिवशी फिल स्कॉट या रिपब्लिकन गव्हर्नरांनाही प्रचंड बहुमताने पुन्हा निवडले. येथे मतदाराची नोंद होताना पक्ष विचारला जात नाही. माणूस पारखून मत देण्याची ही रीत लोकांच्या अंगी कोठे मुरते, हे मला दुसऱ्या दिवशी शेजारच्या एका लहान गावात पाहावयास मिळाले.

सभागृहात मतदारांच्या खुर्च्या निराळ्या आणि आम्हा परस्थांचा बाक निराळा होता. सभेच्या संमतीवाचून आम्हांस बोलण्याचा अधिकार नव्हता. प्रत्येकाच्या हाती गावाचा वार्षिक अहवाल होता, आणि त्यात खडी, मीठ, डिझेल यांच्या खर्चापासून कुत्र्यांच्या परवान्यांपर्यंत सारा जमाखर्च छापलेला होता. बर्फ लोटणाऱ्या नव्या ट्रकसाठी पंचांनी मागितलेली तरतूद चर्चेस येताच पाठीमागच्या रांगेतील एक वयोवृद्ध शेतकरी उठले, आणि जुन्या ट्रकच्या दुरुस्तीचे आकडे अहवालातून वाचून दाखवीत त्यांनी रक्कम कमी करण्याची उपसूचना मांडली. रस्त्यांची देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी गंजलेल्या सांगाड्याची अवस्था सांगितली. कोणी व्याजाचा दर विचारला, कोणी शाळेच्या बसची अडचण पुढे केली. आवाजी मतदानाचा निकाल एका मतदाराने नाकबूल करताच अध्यक्षांनी सभेस उभे राहावयास सांगून डोकी मोजली. उपसूचना फेटाळली गेली आणि मूळ तरतूद मंजूर झाली. भोजनाच्या वेळी ते शेतकरी आणि ते रस्तेवाले गृहस्थ एकाच टेबलाशी बसून जेवत होते.

खरा कस लागला तो दुपारी. अंदाजपत्रक यापुढे सभेत संमत न करता छापील मतपत्रिकेने, दिवसभर खुल्या असणाऱ्या मतदानाने ठरवावे, अशी सूचना होती. राज्यातील अनेक गावांनी ही पद्धत आधीच स्वीकारली आहे. रुग्णालयात पाळीने काम करणाऱ्या एका परिचारिकेने शांतपणे विचारले की, ज्यांना कामावरून सुटका नाही आणि ज्यांच्या घरी तान्ही मुले आहेत, त्यांच्या मताला या गावात किंमत नाही काय? तिचे म्हणणे न्याय्य होते, आणि सभाही तिच्या बोलण्याने गंभीर झाली. त्यावर एका शिक्षिकेने उत्तर दिले की, कागदावर फक्त होय किंवा नाही लिहिता येते, आकडा दुरुस्त करता येत नाही. सकाळची उपसूचना त्या पद्धतीत मांडताच आली नसती. थोड्या मतांनी सूचना नामंजूर झाली, पण पुढील सभा शनिवारी भरवावी आणि मुलांना सांभाळण्याची सोय करावी, याचा विचार करण्यास पंचांना लगेच सांगण्यात आले.

निवडणुकीचे नकाशे पाहून एखाद्या प्रदेशाला एक रंग देणे सोपे असते. परंतु पक्षाचे नावही न उच्चारता दिवसभर वाद घालणारी माणसे पाहिल्यावर माझी खात्री झाली की, मत देण्याचे शिक्षण अशा सभांतच मिळते, कारण तेथे आपल्या मताचे कारण शेजाऱ्याच्या तोंडावर सांगावे लागते आणि त्याचेही ऐकून घ्यावे लागते. आपल्याकडे ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले आहे, आणि तरीही पुष्कळ गावी ती गणपूर्तीअभावी तहकूब होते. लोक उदासीन आहेत असे म्हणून हा प्रश्न सुटणार नाही. गावाच्या खर्चातील एखादा आकडा आपल्या शब्दाने बदलू शकतो, असा अनुभव एकदा आला की माणसे हातचे काम टाकून सभेस येतात. तेवढा अधिकार ग्रामसभेच्या हाती प्रत्यक्ष पडला पाहिजे.