एडिसनच्या अंगणातले पाहुणे

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीकडे पोचलो. तिचं दुसरं बाळंतपण होतं. चिपळूणहून निघताना डिंकाचे लाडू, हळीव, सुंठ आणि जुन्या लुगड्यांची दुपटी, एवढ्यानेच दोन बॅगा भरल्या होत्या. तिथे गेल्यावर कळलं, की ओक ट्री रोडवर हळीवसुद्धा मिळतो, मेथी-कढीपत्ता तर मिळतोच आणि हलाल गोश्तासाठीही फार लांब जावं लागत नाही. परकं वाटावं असं होतं ते फक्त आभाळ. सूर्य सव्वासातला उगवायचा आणि साडेचारला मावळायचा. आम्ही कोकणी लोक शाफई, त्यामुळे असरची वेळ सव्वादोनच्या सुमारासच व्हायची. जोहरची जानमाज घडी करून ठेवावी तोवर असर, आणि चहा प्यावा तोवर मगरिब.

आम्ही पोचल्याच्या आठव्या दिवशी नात झाली, अल्हम्दुलिल्लाह. घर पाहुण्यांनी, फोनांनी, बाळाच्या रडण्याने भरून गेलं. या गडबडीत सात वर्षांचा नातू मात्र गप्प होत गेला. शाळेतून यायचा, दप्तर टाकायचा आणि स्वयंपाकघरामागच्या काचेच्या दाराशी बसून अंगणाकडे बघत राहायचा. अंगण म्हणजे गवताचा एक चौकोन, एक मेपल, एक मोठा ओक आणि कुंपणाला लागून सदाहरित झुडपांची रांग. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हणून जावयांनी एका संध्याकाळी पाखरांना दाणा घालायचा फीडर आणला, दोन पिशव्या दाणे आणले आणि नातवाला सांगितलं, "हे खातं तुझं."

एका पिशवीत सूर्यफुलाच्या काळ्या बिया होत्या. दुसरी पिशवी नानींनी उघडली, चिमूटभर दाणे तळहातावर घेतले, चावून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, हे तर कारळे!" खरंच कारळे होते. आपल्याकडे नाचणीच्या शेताकडेला पिवळ्या फुलांचे ताटवे असतात, ज्याची आपण चटणी करतो, तेच. अमेरिकेत ते 'नायजर' या नावाने फक्त पाखरांसाठी विकले जातात. येतात भारतातून आणि इथिओपियातून. सोबत आलेलं तणाचं बी तिथल्या जमिनीत रुजू नये म्हणून आत येण्याआधी ते तापवले जातात. गोल्डफिंच नावाच्या छोट्या पाखराला ते फार आवडतात. न्यू जर्सीचा राज्यपक्षी तोच. उन्हाळ्यात पिवळाधमक असणारा हा पक्षी थंडीत मळकट हिरवट दिसतो. त्या दिवसापासून नातवाच्या लेखी गोल्डफिंच हे 'नानीची चटणी खाणारे' झाले.

पण पहिला पाहुणा पाखरू नव्हतंच. फीडर मेपलच्या फांदीला टांगून अर्धा तासही झाला नसेल, तोच एक खार मागच्या पायांनी फांदीला लटकून, डोकं खाली करून आरामात जेवायला लागली.

आमच्याकडे खारीला चानी म्हणतात. मूठभर जीव, पाठीवर पट्टे, वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. इथली करडी खार अर्ध्या किलोची, बिनपट्ट्याची, झुबकेदार शेपटीची. तिची मागची पावलं घोट्यात पुरती उलटी फिरतात, म्हणून ती झाडावरून डोकं खाली करून उतरू शकते, लटकून खाऊ शकते. ती हिवाळाभर झोपत नाही. ओकची फळं ती शरद ऋतूत एकेक करून शेकडो जागी पुरते आणि बर्फाखालून हुंगून काढते. पांढऱ्या ओकचं फळ पडल्या पडल्या रुजायला लागतं, तर पुरण्याआधी ती त्याचा कोंब दातांनी कुरतडून टाकते. तांबड्या ओकचं वसंतापर्यंत रुजत नाही, तर ते तसंच पुरते. कोणी बघत असेल तर खोटाच खड्डा करून, त्यावर माती लोटून, फळ तोंडात घेऊन दुसरीकडे जाते. हे आम्ही नंतर वाचलं. तेव्हा नानांना एवढंच दिसत होतं, की नातवाचे दाणे चोर खातोय.

मग नानांची लढाई सुरू झाली. आधी त्यांनी फीडर एका लोखंडी खांबावर चढवला आणि खांबाला तेल चोपडायला घेतलं. शेजारचे गोरे आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. त्यांनी हात हलवून थांबवलं. तेल केसांना लागलं की केस चिकटतात आणि चिकटलेल्या केसांत ऊब राहत नाही, शून्याखालच्या थंडीत तो जीव मरेल, असं त्यांनी समजावलं. नाना ओशाळले. मग नानींनी चिपळूणहून आणलेलं तिखट काढलं. पाखरांना तिखट लागत नाही, खारीला लागतं, हे खरं आहे. तिखटाची आग जाणवणारी जी सोय आपल्या तोंडात असते, ती पाखरांत त्यासाठी काम करत नाही. खारीने एक घास घेतला, मान झटकली, तोंड बर्फात पुसलं आणि पळाली. दुसऱ्याच मिनिटाला वारा फिरला आणि उरलेलं तिखट नानांच्या डोळ्यांत गेलं. बाळंतिणीला हसू आवरेना. टाके दुखतात म्हणून ती पोट धरून हसत होती.

शेवटी उपाय साधाच निघाला. खार जमिनीवरून चारेक फूट उंच आणि झाडावरून आठ-दहा फूट लांब उडी मारते. तेव्हा खांब कुठल्याही झाडापासून, कुंपणापासून दहा फुटांहून लांब रोवायचा आणि त्याला पाचेक फुटांवर पत्र्याची उलटी टोपली बसवायची. त्यानंतर खारी खाली सांडलेलं वेचू लागल्या आणि नानांनी तेवढं त्यांना सोडलं.

शेजारच्या आजोबांनीच आणखी एक गोष्ट सांगितली, ती खरी निघाली. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथल्या शहरांत खारी नव्हत्याच जवळजवळ. इथून गाडीने जेमतेम दीड तासावर असलेल्या फिलाडेल्फियात, फ्रँकलिन स्क्वेअरमध्ये, १८४७ साली लोकांनी शोभेसाठी मुद्दाम खारी आणून सोडल्या, त्यांना घरटी बांधून दिली, खायला घातलं. मग इतर शहरांनी कित्ता गिरवला. म्हणजे नाना ज्यांच्याशी लढत होते, त्या बोलावून आणलेल्या पाहुण्यांच्या वंशातल्याही असू शकतील.

जानेवारी लागेपर्यंत अंगण गजबजलं. लालबुंद कार्डिनल आणि त्याची मातकट मादी, टोपी घातल्यासारखी चिकाडी, खाली बर्फावर उड्या मारणारे राखी जुन्को, आरडाओरडा करणारा ब्लू जे, एक छोटा सुतारपक्षी, आणि होले. आपल्या होल्यासारखेच मऊ, मंद, दहा-बारा जणांनी एकत्र येणारे. लेकीने बाळाला पाजता पाजता फोनवर शोधून नातवाचं नाव 'प्रोजेक्ट फीडरवॉच'मध्ये घातलं. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि कॅनडातली एक संस्था मिळून १९८७ पासून हा उपक्रम चालवतात. नोव्हेंबर ते एप्रिल घरोघरची माणसं आपल्या अंगणातली पाखरं मोजून कळवतात. मोजायचा नियम असा, की एका वेळी एकत्र जास्तीत जास्त किती दिसले तेवढेच लिहायचे, म्हणजे तोच पक्षी दोनदा मोजला जात नाही. नातवाने वही घातली. शाळेतून आला की आधी वही, मग जेवण. बोलायलाही लागला.

जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी आम्ही सगळे दाराशी होतो. रात्रभर बर्फ पडलं होतं. खाली अकरा होले. नातू लिहून घेत होता. एकाएकी सगळं गप्प झालं, जणू कोणी रेडिओ बंद केला. झुडपांवरून एक राखी सावली जमिनीलगत आली, पंखांची फडफड झाली आणि बर्फावर फक्त पिसं उरली. कावळ्याएवढा शिकारी पक्षी होल्यावर पंख पसरून उभा होता. डोळे लालभडक. त्याने एकदा आमच्याकडे बघितलं आणि होल्याला उचलून ओकपलीकडे गेला.

तो कूपर्स हॉक होता, आपल्या शिक्र्याचा भाऊबंद. नातवाने पेन्सिल खाली ठेवली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नानी, त्यांना आपणच बोलावलं ना? मग त्यालापण आपणच बोलावलं."

दुपारी त्याने फीडर काढून गॅरेजमध्ये ठेवला आणि वही पलंगाखाली.

यावरून आमच्या दोघांत दोन दिवस धुसफूस झाली. नानांचं म्हणणं, शिकाऱ्याचंही रिझ्क असतंच, पोराला तेवढं सांगावं आणि फीडर परत लावावा. नानींचं म्हणणं, ज्याने पिसं पाहिली त्याला हे उत्तर पुरत नाही. दाणा टाकणाऱ्याने जागा तरी नीट निवडायला हवी होती, आपण खांब पार उघड्यावर रोवला, पाखरांना लपायला जागाच ठेवली नाही. नानींचं बरोबर होतं. खारीला टाळण्याच्या नादात आम्ही पाखरांचा विचार केला नव्हता.

अंगण दोन आठवड्यांहून जास्त सुनं राहिलं. पाखरं उपाशी तर मरणार नाहीत ना, ही धास्ती आम्हाला होतीच. लेकीने शोधून दाखवलं, की विस्कॉन्सिनमध्ये संशोधकांनी चिकाडींवर लक्ष ठेवलं, तेव्हा फीडरवर येणाऱ्या चिकाडीसुद्धा आपल्या गरजेच्या पाचव्या हिश्श्याएवढंच तिथून घेत होत्या, बाकीचं रानातून. बरीच वर्षं असलेले फीडर काढले तरी त्या इतरांइतक्याच तगल्या. मात्र कडाक्याच्या थंडीत ज्यांना दाणा मिळत होता त्या जास्त जगल्या, हेही त्यात होतं. नातवाने ऐकून घेतलं. तो तेव्हा आईच्या मांडीशी बसला होता, आणि बाळाची मूठ त्याच्या बोटात होती.

मग त्याने हॉकबद्दल विचारलं. हा पक्षी एके काळी फार कमी झाला होता. डीडीटीमुळे त्याच्या अंड्यांचं कवच पातळ व्हायचं. १९७२ साली अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली आणि हळूहळू तो परतला. आज त्याला मारणं किंवा पकडणं कायद्याने गुन्हा आहे. आणखी एक गोष्ट वाचून नानासुद्धा चकित झाले. तीनशेहून जास्त कूपर्स हॉकचे सांगाडे तपासले, तर शंभरांतल्या तेविसांच्या छातीची हाडं कधीतरी मोडून परत जुळलेली निघाली. झाडांतून भरधाव पाठलाग करताना तो फांद्यांवर आपटतो.

"त्याला प्लास्टर कोण घालतं?" नातवाने विचारलं. कोणी नाही, असं नानींनी सांगितलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी फीडर पुन्हा लागला. या वेळी झुडपांपासून दहा फुटांवर, म्हणजे पाखरू एका झेपेत आत शिरेल, पण झुडपात दबा धरलेल्या मांजराला ते लांब पडेल. दाराच्या काचेपासूनही तीस फुटांहून लांब, कारण घाबरून उडालेली पाखरं काचेवर आपटून मरतात. फीडर आधी ब्लीच-पाण्याने धुतला, कारण घाणेरड्या फीडरवरून डोळ्यांची साथ पसरते. शेजारच्या आजोबांनी नाताळचं वाळलेलं झाड कुंपणावरून दिलं. ते खांबाजवळ आडवं टाकलं, लपायला. खाली सांडलेले दाणे रोज झाडायचं काम नानांकडे आलं आणि खारींसाठी ओकच्या बुंध्याशी वेगळी मूठभर शेंगदाण्यांची सोय झाली. ही नानांचीच कल्पना होती. ते कबूल करत नाहीत.

हॉक परत आला तो पंधरा दिवसांनी. आधी चिकाडींचा आवाज बदलला. त्यांच्या हाकेतले शेवटचे 'डी-डी-डी' वाढत गेले. शिकारी जितका धोक्याचा, तितके 'डी' जास्त, असं तोवर आम्ही वाचलं होतं. होले उडाले, बाकीची पाखरं वाळलेल्या झाडात घुसली, ओकवरची खार बुंध्याला चिकटून दगड झाली. हॉक बर्फावर उतरला. लांब पायांनी चालत त्याने त्या झाडाला दोन फेऱ्या घातल्या, फांद्यांत डोकावला, पंजा घालून पाहिला. आत काही हललं नाही. मग तो उडाला. नातवाने तेव्हा कुठे श्वास सोडला.

खार बराच वेळ तशीच होती. आत कुठे तरी एक चिकाडी साध्या आवाजात बोलली, मग दुसरी, मग चिवचिवाट झाला, आणि मग ती हलली. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजच्या संशोधकांनी २०१९ साली हेच प्रयोगातून दाखवलं होतं. करड्या खारींना आधी शिकारी पक्ष्याची हाक ऐकवली, नंतर काहींना पाखरांचा निवांत चिवचिवाट ऐकवला. ज्यांना तो ऐकू आला त्या लवकर निर्धास्त झाल्या. नाना म्हणाले, "म्हणजे चोराला पाखरांची गरज आहे." आणि शेंगदाण्याचा डबा शोधायला गेले.

नातू पलंगाखालून वही घेऊन आला. आम्हाला वाटलं, होले लिहील. पण त्याने आईच्या फोनवर उपक्रमाचे नियम उघडले आणि बोट ठेवून वाचून दाखवले. फीडरवरच्या पाखरांसाठी आलेला शिकारी पक्षीही मोजायचा असतो. त्याने लिहिलं, कूपर्स हॉक, १. मग मागचं पान उलटून जानेवारीच्या त्या शनिवारीही एक लिहिला.

खारीला त्याच्या वहीत जागा नव्हती. तो रकाना त्याने स्वतः आखला, आणि वर 'चानी' असं देवनागरीत लिहून मागितलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमचं विमान होतं. फजरनंतर बॅगा दाराशी आणून ठेवल्या. बाहेर उजाडलं होतं. नातवाने बाळाला काचेसमोर उभं धरलं होतं, मागून नानींचे हात होते. तो तिला सांगत होता, "ती बघ चानी. ती आपली." बाळ झोपलेलं होतं.